१०८ आणि ११२ : फोन लागल्यावर काय घडलं? तुमचे अनुभव सांगा

१०८ सगळ्यांना पाठ असतो, पण फोन लागल्यावर काय बोलायचं हे कुणी शिकवत नाही. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. मात्र फोन उचलणारा तुमच्या गावात नसतो, पुण्यात असतो. ११२ चंही तसंच. तो नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलतात आणि तिथून तुमच्या जिल्ह्याच्या पोलिसांना कळवतात. या अंतरामुळे कुठे अडलं, कशामुळे निभावलं, ते सविस्तर लिहा.

पूर्वी कॉल घेणारी :
पलीकडून पहिलं वाक्य हमखास "लवकर या!" कुठे, विचारलं की "पिंपळगावला, मारुतीच्या देवळाजवळ." आपल्या राज्यात पिंपळगावं किती! तालुका विचारला की माणूस चिडतो, "प्रश्न कसले विचारताय, गाडी पाठवा," आणि फोन ठेवतो. त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, आम्हाला कळतं ते. पण मी टाइप करत असते तेव्हा गाडी पाठवणारा सहकारी तेच वाचून जवळची गाडी शोधत असतो. प्रश्नांमुळे गाडी थांबत नाही, तालुका न कळल्याने थांबते. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, खूण आधी सांगा. काय झालं ते मग. मध्येच रेंज गेली तरी पत्ता पोचलेला असतो. आणि पोरांनी खेळताना नंबर लावला असेल तर घाबरून कट करू नका. "चुकून लागला" एवढं सांगितलंत की आमची लाइन मोकळी होते.

यवतमाळ :
कापूस वेचताना बाबांना साप चावला. शेताला कसला पत्ता! मी तालुका, गाव आणि फाट्याचं नाव सांगितलं, धाकट्या भावाला मोटारसायकलवर फाट्यावर उभं केलं आणि त्याचाच नंबर दिला. शेजारचे काका दोरी घेऊन आले होते. लाइनवरच्या डॉक्टरांनी बजावलं, "बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलू देऊ नका, चालवत आणू नका." काका ऐकेनात, तेव्हा फोन स्पीकरवर टाकला, मग दोरी खाली ठेवली. ड्रायव्हरने भावाला फोन केला, तो पुढे, गाडी मागे. ग्रामीण रुग्णालयात विषावरचं इंजेक्शन मिळालं. बाबा या हंगामातही शेतात आहेत, आता गमबूट घालून.

पुणे :
द्रुतगती मार्गावर अपघात दिसला तर दोन गोष्टी सांगा : किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा, आणि गाडी मुंबईकडे चालली होती की पुण्याकडे. दुसरी राहिली तर रुग्णवाहिका दुभाजकापलीकडे येऊन उभी राहते. मदत करणाऱ्यामागे लफडं लागत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १३४ए कलम आलं. मदत करणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही.

आशाताई, नंदुरबार :
बाळंतपणासाठी १०२ पण आहे. घरून दवाखान्यात आणि परत, पैसे लागत नाहीत. आमच्याकडे पाड्यावर गाडी शेवटपर्यंत चढत नाही. म्हणून आठवा लागला की मी बाईच्या कार्डावर, गाडी ज्या घरापर्यंत येते त्या घराचं नाव लिहून ठेवते, आणि जिथे रेंज येते अशा दोघांचे नंबर. कळा सुरू झाल्यावर घरातल्या कुणीही ते वाचून दाखवायचं.