घरच्या संगणकाचा कळफलक : आपण तो कसा मार्गी लावलात?

काल नीट उमटणारी अक्षरे आज भलतीच उमटू लागली, की कळफलक बिघडला असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरले आणि नवी पेठेतून नवा कळफलक आणला. दोष मात्र तसाच राहिला, कारण तो मांडणीच्या, म्हणजे कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटावे हे ठरवणाऱ्या रचनेच्या, निवडीत होता. असा खर्च इतरांना पडू नये, म्हणून आपापले अनुभव तपशिलासह लिहावेत, ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर
माझा पासवर्डच संगणक स्वीकारेना. पासवर्डाच्या जागी केवळ ठिपके दिसतात, त्यामुळे मराठी मांडणी चालू राहिली आहे हे कळायला मार्गच नव्हता. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील भाषेची खूण नातीने दाखवली. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबताच मांडणी बदलली.

यंत्रमाग व्यावसायिक, पूर्व भाग
आमच्या घरात तेलुगू बोलली जाते आणि पत्रव्यवहार मराठीत होतो. मुलांनी वेळोवेळी भाषा जोडत नेल्यामुळे संगणकावर सहा मांडण्या साठल्या होत्या आणि हवी ती येईपर्यंत स्पेसबार दाबत बसावे लागे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असे जाऊन भाषेसमोरील तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्स उघडले, की त्या भाषेचे कीबोर्ड दिसतात. तेथून नको असलेले तीन काढले. इंग्रजी, मराठी व तेलुगू यांची प्रत्येकी एकच मांडणी ठेवली, आणि शेवटच्या दोन इनस्क्रिप्टच्या ठेवल्या. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारलेली ही मांडणी भारतीय लिप्यांना सामाईक आहे. इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीत ‘क’ येतो, तेलुगूतही ‘क’च येतो, ‘एच’वर दोन्हींकडे ‘प’, आणि अक्षर जोडण्याचे चिन्ह दोन्हींकडे ‘डी’वर. आमच्यासारख्या दुभाषी घरांना याहून सोयीचे काही नाही, असे माझे ठाम मत आहे. एकदा बोटांना सवय झाली, की दुसरी लिपी जवळजवळ फुकट मिळते.

टॉवेल विक्रेता, साखर पेठ
ईमेलच्या पत्त्यातील ‘ॲट’च्या जागी अवतरणचिन्ह उमटत असे. इंग्रजीची मांडणी ब्रिटिश निवडली गेली होती. ती काढून ‘इंग्लिश (इंडिया)’ घेतली. तिच्यात उजवी आल्ट व ४ दाबल्यास रुपयाचे चिन्हही मिळते, ते देयकांसाठी फार उपयोगी पडते.

टंकलेखनाची परीक्षा दिलेले, होटगी रस्ता
माझी बोटे टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर तयार झालेली, आणि विंडोजच्या यादीत मराठीसाठी ती मला मिळाली नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची फोनेटिक मांडणी वापरून पाहिली, पण मराठी शब्द मनात इंग्रजी स्पेलिंगने मांडणे मला रुचले नाही. आता रोज अर्धा तास इनस्क्रिप्टचा सराव करतो. स्वर डाव्या हाताला व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असल्याने लय लवकर सापडली. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील ‘ऱ’ शिफ्ट व ‘जे’वर आहे, हे समजल्यापासून ‘दुसर्‍या’ शब्दावरची अडचण संपली. ‘ळ’साठी शिफ्ट व ‘एन’ दाबताना बोटे अजून क्षणभर थांबतात.