रोजच्या वापरातली व्हीआरएस ट्रॅक डेला न्यायचीय, आधी काय करू?

गंगापूररोड_२३०
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मागच्या दिवाळीत स्कोडाची ऑक्टेव्हिया व्हीआरएस २३० (ऑक्टेव्हियाची २३० घोड्यांची वेगवान आवृत्ती) घेतली, सेकंडहँड, २०१८ ची, आता ५८ हजार झालेत. घरात चारचाकी ही एकच. सकाळी पावणेसातला पोरीला शाळेत सोडायचं, तिथून अंबडला कंपनीत, रविवारी सासुरवाडी सिन्नर, आणि सध्या कुंभाच्या कामांसाठी निम्मं नाशिक खोदून ठेवलंय त्यातून रोजची ये-जा, म्हणजे गाडी काय कव्हर घालून ठेवलेली नाही.

तर तळेगावजवळ नाणोलीच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला (रेस नाही, आपापली गाडी बंद ट्रॅकवर पळवायचा दिवस) दोन मित्रांबरोबर नाव घातलंय, दीड महिना हातात आहे. ट्रॅकवर मी आयुष्यात कधी गेलेलो नाही. बजेट लाखभर (घरी साठ सांगितलंय). एक जण म्हणतो रिमॅप मार (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढव), दुसरा म्हणतो कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) टाकून गाडी खाली बसव, तिसरा म्हणतो आहे तशी ने. अट एकच, गाडी चालवत न्यायची आणि चालवतच आणायची, ट्रेलर वगैरे आपल्याकडे नाही, आणि सोमवारी पावणेसातला शाळा आहेच. सांगा काय करू.

टर्बो_भो
भो, स्टेज वन रिमॅप मार आणि विषय संपव. २३० चे २९० च्या आसपास होतात, एका दुपारचं काम. एवढं लांब जाऊन स्टॉक गाडीत फिरणार का? मग सिन्नरलाच जा की.

सातपूर_टूलरूम
टर्बो भो, तुझा उत्साह कळतो पण पोराला खड्ड्यात घालू नको.

२३०, हे बघ. पहिल्यांदा जाणाऱ्याला २३० घोडे पण जास्तच होतात, तुला तिथे ताकद कमी पडणार नाही, कमी पडणार ब्रेक. साधा हिशोब आहे, उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. १६० वरून ८० ला आणायला डिस्कमध्ये जेवढी उष्णता जाते ती ८० वरून ४० च्या चौपट. आणि रस्त्यावर हे दिवसातून एकदा कधीतरी होतं, ट्रॅकवर दर राऊंडला तीन-चार वेळा, मध्ये थंड व्हायला वेळच नाही. वर रिमॅप मारलास तर प्रत्येक वळणाला अजून जास्त वेगात पोहोचणार, म्हणजे त्याच ब्रेकवर अजून भार, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) तापणार ते वेगळंच.

माझं सांगतो. पोलो जीटी घेऊन चेन्नईच्या ट्रॅकवर गेलो होतो, इथून तेराशे किलोमीटर. जायच्या आधी सर्व्हिसिंग केलं, ब्रेक ऑइल बघा म्हटलं तर काउंटरवरच्या पोराने बाटलीची लेव्हल बघून "ओके आहे सर" सांगितलं. तिसऱ्या राऊंडला पेडल स्पंजासारखं लागलं, पुढच्या वळणाला सरळ खाली गेलं, जमिनीपर्यंत. पंप करत करत, गिअर खाली पाडत, मातीत जाऊन थांबलो. नशीब तिथे मोकळी जागा होती. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायची जागा) एका मेकॅनिकने ब्लीड करून, म्हणजे नळीतलं ऑइल आणि हवा बाहेर काढून दाखवलं तर नळीतून कोऱ्या चहासारखं ऑइल आलं, मध्ये बारीक बुडबुडे. लेव्हल ओकेच होती, ऑइल तीन पावसाळे जुनं होतं.

हे ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट ४ ला नियमाप्रमाणे कोरं असताना किमान २३० डिग्रीला उकळायचं बंधन आहे, ओल शोषलेलं असताना तेच १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत दाब पोहोचतच नाही. म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइलचा. मोटुल आरबीएफ ६०० घे, कोरं असताना ३१२ डिग्री. जायच्या आठवड्यातच टाक, महिनाभर आधी नको, आणि चारही चाकांचं ब्लीडिंग समोर उभं राहून करून घे.

दुसरा खर्च पुढचे पॅड. फेरोडो डीएस२५०० सारखे रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे चालणारे घे. फक्त रेसचे पॅड घेऊ नको, ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत आणि सकाळी शाळेच्या रस्त्यावर ते कुठे गरम होणार. नवीन पॅड बसवले की पहाटे त्र्यंबक रोडला, मागे कोणी नाही बघून, ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा आण, पूर्ण थांबायचं नाही, मग पंधरा मिनिटं ब्रेक न मारता हळू घरी. असे बसवले नाहीत तर पॅडचा थर डिस्कवर डाग पडल्यासारखा चिकटतो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं.

आणि हो, ५८ हजार झालेत ना? त्यात सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, त्याचं ऑइल ६० हजारला बदलायचं असतं. दोन हजारासाठी थांबू नको, आत्ताच बदल.

टर्बो_भो
टूलरूम काका लेक्चर भारी होतं. पण मी रिमॅप मारून दोनदा जाऊन आलोय, काही झालं नाही.

सातपूर_टूलरूम
तू टो करून आला होतास भो, दुसऱ्यांदा. फोटो तूच टाकला होता.

पंचवटी_कूपर
😂 मी पण बघितला होता तो फोटो.

दादा, टायरचं मी सांगते, माझी मिनी आहे आणि हे सगळं मी चुका करून शिकलेय. एक, घाईने नवीन टायर घेऊ नकोस. टायर चार-पाच वर्षं जुने असतील, हाताला कडक लागत असतील तर बदल, नाहीतर पहिला ट्रॅक डे आहे त्याच टायरवर कर, नवीन टायरची उंच नक्षी तापली की वाकते आणि तिचे तुकडे उडतात.

दोन, हवा. दोन-तीन राऊंडमध्येच हवा पाच-सहाने वाढते, कधी जास्त. थंड असताना ३३ टाकून गेलास तर बाहेर येताना ४० च्या आसपास दिसेल आणि गाडी पुढून बर्फावर असल्यासारखी सरळ सुटेल. मी काय करते, किराणा दुकानात मिळतो तो पांढरा खडू घेते आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, आडवी रेघ मारते, प्रत्येक टायरला तीन ठिकाणी. तिथेच बघ, बऱ्याच टायरवर बारीक त्रिकोण असतो. सेशन संपलं की लगेच खाली वाकून बघायचं. खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर बरोबर. त्रिकोणाच्या खाली भिंतीवरचाही पुसला तर टायर लोळतोय, हवा कमी आहे. नक्षीच्या कडेवरचा पण तसाच राहिला तर हवा जास्त. पुढची आणि मागची वेगवेगळी निघेल, घाबरू नको. मी गरम असताना ३६ च्या जवळ ठेवते, तुझी गाडी जड आहे, तुझं तू बघून ठरव. हवा मोजायचं मीटर स्वतःचं ने, एकच मीटर दिवसभर.

तीन, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गरम असताना हवा काढलेली असते ना, संध्याकाळी टायर थंड झाले की तीच २७-२८ वर येते. मी तशीच निघाले, रात्री संगमनेरच्या अलीकडे एक खड्डा आणि पुढचं रिम वाकलं. तेव्हापासून डिकीत १२ व्होल्टचा पंप असतोच. निघण्याआधी दाराच्या खांबावर लिहिलेली हवा परत भरायची, मगच हायवे.

गंगापूररोड_२३०
ताई खडूचं भारी आहे, पोरीच्या दप्तरातच मिळेल. टूलरूम, डीएसजी ऑइल उद्याच टाकतो. कॉइलओव्हरचं कोणी बोललं नाही?

जुना_नेव्हिगेटर
मी बोलतो. नाशिकला राष्ट्रीय रॅलीचे राऊंड व्हायचे तेव्हा मी शेजारच्या सीटवर नकाशा घेऊन बसायचो, त्यामुळे माझं मत थोडं जुनाट समजा. कॉइलओव्हर वाईट नाही, पण आत्ता नको. गाडी ३० मिलिमीटर खाली गेली की इंदिरानगरच्या एका गतिरोधकावर चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) घासलं म्हणून समज, आणि चेंबर फुटलं की इंजिन गेलं. शिवाय स्वस्तातले सेट इथल्या खड्ड्यांत वर्षभरात गळायला लागतात. आधी आहेत ते शॉकअप तपास, गळत नाहीत ना, बुश (सांध्यातले रबर) फाटलेले नाहीत ना. ५८ हजार नाशिकमध्ये चाललेल्या गाडीचे खालचे आर्म बुश बहुतेक गेलेले असतात, नवीन शॉकअपपेक्षा नवीन बुशने गाडी जास्त सरळ होते.

कँबरचं (चाकाच्या उभ्या कलाचं) आमिष कोणीतरी दाखवेल, पुढच्या चाकांना उणे दोन डिग्री वगैरे. वळणात धरते हे खरंय. पण टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) चुकला तर टायरची आतली कड महिन्यात टकली होते आणि बाहेरून बघून कळत पण नाही. तुला आत्ता फक्त एक नीट अलाइनमेंट, कंपनीच्या आकड्यांवर. बास.

चाकांचे बोल्ट. टायरवाला गनने टर्रर्र करून आवळतो त्यावर जाऊ नकोस. तुझ्या गाडीला १२० न्यूटन मीटर, टॉर्क रेंच विकत घे नाहीतर माझा ने. पहिल्या सेशननंतर चाक निवलं की परत तपास.

आणि डिकी रिकामी कर. जॅक, पाना, छत्री, पाण्याच्या बाटल्या, पायाखालचं मॅट तर आधी. सुटलेली बाटली ब्रेक पेडलखाली गेली तर काय होईल याचा विचार कर. स्टेपनी पॅडॉकमध्ये काढून ठेव पण घरी येताना विसरू नको, आमच्यातला एक विसरला होता.

ओझर_टर्मिनल
इन्शुरन्सचं कोणी बोललंच नाही. पॉलिसीचा कागद काढून "वापराच्या मर्यादा" वाचा, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल, हे सगळं कव्हरच्या बाहेर असतं. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) असला तरी. आमच्या ग्रुपमधल्या एकाने "ही रेस नव्हती, ट्रॅक डे होता" म्हणून भांडून बघितलं, क्लेम नाकारला तो नाकारलाच, पुढचा बंपर, रेडिएटर, एक लाइट सगळं खिशातून. त्यामुळे लाखातले तीस-चाळीस बाजूला ठेव आणि घरचा आकडा पण जरा वाढवून सांग. रिमॅप आणि मोठा एक्झॉस्ट असेल तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ पण आहे, कंपनीच्या रचनेत परस्पर बदल चालत नाही.

पंचवटी_कूपर
हेल्मेट आयोजकांना आधी विचार. गाडीसाठीच्या हेल्मेटला स्नेल या संस्थेचं एसए रेटिंग असतं, त्यात आतलं अस्तर आग धरत नाही, बाइकच्याला तसं नसतं. काही ठिकाणी बाइकचं चालतं काही ठिकाणी नाही. कपडे सुती घाल, नायलॉनचं ट्रॅकसूट नको.

गंगापूररोड_२३०
मंडळी जाऊन आलो!! रविवारी पहाटे चारला निघालो, चाकणपर्यंत मस्त. येताना चाकणला पाऊण तास, दिवसभरात ट्रॅकवर मारले नसतील एवढे ब्रेक तिथे मारले.

केलं काय ते सांगतो. ब्रेक ऑइल (खरंच कोऱ्या चहासारखं निघालं, फोटो काढलाय), पुढचे पॅड, डीएसजी ऑइल, दोन बुश, अलाइनमेंट. रिमॅप नाही. ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवला. चार सेशन मिळाले, प्रत्येकी पंधरा मिनिटं. पहिल्या सेशनला शेजारी शिकवणारे गृहस्थ बसले होते, त्यांनी फक्त दोनच गोष्टी सांगितल्या, ब्रेक लवकर आणि जोरात मार, आणि नजर पुढच्या वळणावर ठेव, पण दुसरी करायला मला दुपार झाली. तिसऱ्या सेशनमध्ये इंजिन ऑइलचं तापमान १२५ दिसायला लागलं तर एक राऊंड हळू मारून बाहेर आलो. शेवटचा राऊंड दरवेळी ब्रेक न मारता थंड करायला ठेवला आणि पॅडॉकमध्ये हँडब्रेक लावला नाही, पी मध्ये टाकून चाकाला वीट लावली. खडूने डावा पुढचा टायर लोळतोय हे दुसऱ्या सेशनलाच दाखवलं, दोन हवा वाढवली तर गाडीच बदलली. पेट्रोल किती प्यायली ते विचारू नका. पंपाने हवा भरून, स्टेपनी आठवणीने टाकून साडेनऊला घरी.

आता एक अडचण. हे नवीन पॅड सकाळी थंड असताना इतके किंचाळतात की शाळेच्या गेटवर सगळे पालक वळून बघतात. काल पोरगी म्हणाली बाबा मला उद्यापासून कोपऱ्यावरच सोड. काही उपाय?

सातपूर_टूलरूम
पॅडच्या दोन्ही कडा कानशीने तिरप्या घासून घे आणि मागच्या पत्र्याला सिरॅमिक ग्रीसचा पातळ हात दे, पृष्ठभागाला लागू देऊ नको. साठ टक्के आवाज जाईल. उरलेल्यासाठी जुने पॅड सांभाळून ठेवलेत ना? पुढच्या ट्रॅक डेपर्यंत तेच टाक, दोन चाकांचं तासाभराचं काम आहे, शनिवारी गाडी घेऊन ये.

टर्बो_भो
नाहीतर कोपऱ्यावर सोड भो.