‘रेडिएशन टॉलरन्ट’ सिलिकॉन सेन्सर : मराठीत काय म्हणावं?

फलकवाल्या बाई
दादरच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. नववीच्या मुलांनी सर्न या युरोपातल्या कणसंशोधन संस्थेच्या एलएचसीवर, म्हणजे प्रोटॉन एकमेकांवर आपटवणाऱ्या महायंत्रावर, फलक करायला घेतलाय. त्यातल्या एका चौकटीचा मथळा ‘रेडिएशन टॉलरन्ट सिलिकॉन सेन्सर’. प्रोटॉनच्या टकरीतून उडणाऱ्या कणांचा माग काढणारे सेन्सर, ते हे. मुलांनी त्याचं ‘किरणोत्सर्गरोधक संवेदक’ करून आणलंय. मला ‘रोधक’ खटकतंय, पण का ते मुलांना नीट सांगता येईना. मथळ्यात पाच-सहा शब्द मावतील. सुचवा.

कोशकीडा
आधी ‘किरणोत्सर्ग’ काढा. तो म्हणजे रेडिओॲक्टिव्हिटी : अस्थिर अणुकेंद्र आपणहून कण किंवा किरण बाहेर टाकतं ती क्रिया. रेडिएशनला विश्वकोशात ‘प्रारण’ आहे. वर्तमानपत्रांनी दोन्हींची खिचडी केली आणि मोबाइलच्या टॉवरलाही किरणोत्सर्ग चिकटवला. एलएचसीत प्रोटॉन समोरासमोर आपटतात आणि त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण, प्रोटॉन, न्यूट्रॉन असं काय काय उडतं. ‘प्रारणसहिष्णू सिलिकॉन संवेदक’ लिहा. तीन शब्द, विषय संपला.

गिरगावकर
संपला कसला! ‘प्रारणसहिष्णू’ वाचून पालक पुढच्या फलकाकडे वळतील. आणि सहिष्णुता धर्माची नाहीतर मतांची असते हो. सिलिकॉनला कसली आलीय सहिष्णुता?

कोशकीडा
मग ‘रेडिएशन हार्ड’ असंही म्हणतात, त्याचं ‘प्रारणकठीण’ करू का?

गिरगावकर
नको, सहिष्णूच बरा.

निवृत्त, अणुशक्तीनगर
बाई, ‘रोधक’ तुम्हाला खटकला ते बरोबर आहे. रोधक म्हणजे अडवणारा. एक्स-रे काढताना घालतात तो शिशाचा एप्रन रोधक. हा सेन्सर कणाला अडवत नाही, त्याला आरपार जाऊ देतो. तेच त्याचं काम आहे. साधारण 300 मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमधून वेगवान कण गेला की वीस-बावीस हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात. सेन्सरला दिलेल्या व्होल्टेजमुळे ते एका बाजूला ओढले जातात, तिथल्या बारीक पट्टीवर किंवा पिक्सेलवर खूण उमटते आणि कण कुठून गेला ते कळतं. कण अडवला तर माग कसला काढणार?

गोची अशी की आरपार जाणारा एखादा कण जाता जाता सिलिकॉनच्या अणूलाच धक्का देतो. अणू जागचा हलतो, मागे रिकामी जागा राहते, आणि स्फटिकाची घडी तिथे कायमची बिघडते. अशी बिघडलेली ठिकाणं वाढत गेली की तीन दुखणी लागतात. कण आलेला नसतानाही प्रवाह झिरपत राहतो. सेन्सर पूर्ण जागा व्हायला जास्त व्होल्टेज मागतो. आणि मोकळे झालेले इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात, त्यामुळे संकेत क्षीण होतो. पहिल्या पिढीतल्या एन-प्रकारच्या, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असलेल्या, सिलिकॉनची तर मार खाऊन खाऊन जातच बदलायची. ते पी-प्रकारासारखं, म्हणजे इलेक्ट्रॉनची उणीव (होल) जास्त असलेल्या सिलिकॉनसारखं, वागू लागायचं.

आगाऊ कार्टं
काका, मार म्हणजे नेमका किती? फलकावर आकडा असला की भारी दिसतं.

निवृत्त, अणुशक्तीनगर
एलएचसीची जी वाढीव आवृत्ती 2030च्या सुमारास सुरू व्हायची आहे, तिच्यात टकरीच्या जागेला सगळ्यात जवळच्या थराला दर चौरस सेंटिमीटरमागे 2 वर 16 शून्यं इतके कण सोसावे लागतील. वेगवेगळ्या कणांनी होणारी इजा वेगवेगळी, म्हणून हिशेब 1 एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या न्यूट्रॉनच्या मापात करतात. हे असलं सिलिकॉन कसं घडवायचं यासाठीच सर्नमध्ये आरडी50 नावाचा गट वीसेक वर्षं काम करत होता. त्याच्या आधीच्या आरडी48 गटाने सिलिकॉनमध्ये मुद्दाम ऑक्सिजन मिसळून पाहिला, आणि प्रोटॉन-पायॉनच्या माऱ्यापुढे त्याचा उपयोग झाला. न्यूट्रॉनपुढे फारसा नाही.

गिरगावकर
काकांच्याच वाक्यात उत्तर आहे की! ‘सोसावे लागतील’. ‘सोशीक सिलिकॉन सेन्सर’. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण चौथीतल्या पोरालाही माहीत असते.

कोशकीडा
म्हण इथे उलटी पडते. टाकीच्या घावांनी दगड घडतो, इथे घावांनी सेन्सर बिघडतो. शिवाय ‘सोशीक’ म्हटलं की निमूटपणे सगळं गिळणारी सून डोळ्यांपुढे येते. या सेन्सरने निमूट बसून कसं चालेल? त्याने तर दर कणामागे बोललं पाहिजे.

नळबाजार
‘काटक’ घ्या. आमच्याकडे पंप, ड्रिल, काहीही असो, दणकट आणि काटक हे दोनच शब्द चालतात.

गिरगावकर
काटक आवडला. पण त्याने सेन्सर आदळआपट सोसणारा वाटतो, जमिनीवर पडला तरी न फुटणारा. प्रत्यक्षात तो काचेसारखा तडकत असेल.

निवृत्त, अणुशक्तीनगर
तडकतो. चिमट्याने उचलतानाही कोपरा उडतो. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाच्या प्रीशॉवर भागासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून सिलिकॉन सेन्सर घडवून घेतले होते. 63 मिलिमीटरचा चौकोन, जाडी 320 मायक्रॉन, वर 32 पट्ट्या. त्यांचं काम मागाचं नव्हतं. फोटॉन एकटा आलाय की पायॉन फुटून जोडीने आलाय हे ओळखायचं. पण मारा तोच, आणि नाजूकपणाही तोच.

मला विचाराल तर ‘तग धरणं’. मोडतोड होणार हे गृहीतच आहे. तरी ठरलेली वर्षं काम निभावलं पाहिजे. सगळी युक्ती त्या निभावण्यातच आहे. आता मुळातच पी-प्रकारचं सिलिकॉन घेतात आणि होलऐवजी इलेक्ट्रॉन गोळा करतात, कारण ते साधारण तिप्पट चपळ, वाटेत अडकण्याआधी पोहोचतात. जाडी 300वरून 150 मायक्रॉनवर आणतात. 3डी प्रकारात तर विद्युतअग्रं पृष्ठभागावर न ठेवता खांबांसारखी सिलिकॉनच्या आत उतरवतात, म्हणजे इलेक्ट्रॉनला पन्नासेक मायक्रॉनच चालावं लागतं. ही कल्पना 1997ची. एलएचसीवरच्याच ॲटलस प्रयोगात 2014 साली बसवलेल्या आतल्या थरात असे सेन्सर आहेत.

कोशकीडा
‘तग’ला माझी हरकत नाही. त्यात मुदत आहे. दुष्काळात पीक तग धरतं म्हणजे पाऊस येईपर्यंत धरतं. ‘रोधक’मध्ये आणि ‘सहिष्णू’मध्ये हा काळ येत नाही. पूर्वपद मात्र ‘प्रारण’च हवं.

गिरगावकर
काका दोनदा ‘मारा’ म्हणाले, एकदाही प्रारण म्हणाले नाहीत. ‘कणांचा मारा’ म्हटलं की काम झालं.

फलकवाल्या बाई
मथळा ठरला : ‘कणांच्या माऱ्यात तग धरणारे सिलिकॉन सेन्सर’. खाली बारीक अक्षरांत ‘प्रारणसहिष्णू संवेदक’ घालते, कोशकीडा रुसायला नकोत. आता दुसरी चौकट : ‘सेन्सर थंड का ठेवतात?’ मुलांनी लिहिलंय, ‘तापू नयेत म्हणून’.

निवृत्त, अणुशक्तीनगर
अर्धं बरोबर. झिरपणारा प्रवाह दर 7 अंश उतरलं की साधारण निम्मा होतो, म्हणून शून्याच्या बऱ्याच खाली ठेवतात. पण यंत्र बंद असतं तेव्हाही थंडच ठेवतात, त्याचं कारण निराळं. मार खाल्लेलं सिलिकॉन उबेत ठेवलं तर आधी थोडं सुधारतं आणि नंतर उलटतं. खोलीच्या तापमानाला पहिले काही दिवस लागणारं व्होल्टेज उतरतं. त्यापुढे महिने गेले की चढत जातं. म्हणून दुरुस्तीसाठी किती दिवस उबेत राहिलं याचा हिशेब ठेवावा लागतो. उबेतल्या या बदलाला आम्ही ॲनीलिंग म्हणायचो.

कोशकीडा
विश्वकोशात ‘अनुशीतन’. धातू तापवून सावकाश निववतात, त्यावरून.

आगाऊ कार्टं
म्हणजे सेन्सर थंड ठेवायचा तो अनुशीतन होऊ नये म्हणून? मुलं वेडी होतील.

गिरगावकर
झवेरी बाजारातले कारागीर सोन्याची तार ‘तापवून नरम करतात’. तेही इथे बसत नाही, सिलिकॉन काही नरम होत नाही.

फलकवाल्या बाई
या चौकटीत शब्दच नको. ‘ऊब लागली तर सेन्सर आधी सुधारतो, मग आणखी बिघडतो, म्हणून यंत्र बंद असतानाही थंड.’ काका, चालेल?

निवृत्त, अणुशक्तीनगर
‘ऊब’च्या आधी ‘जास्त दिवस’ घाला, मग चालेल.