आर (प्रोग्रॅमिंग भाषा): नको ते घटक वगळायला जावं तर अख्खा व्हेक्टरच रिकामा

नवशिका_०७:
‘गुण’ या व्हेक्टरमध्ये (क्रमाने ठेवलेल्या घटकांच्या यादीत) सहा घटक आहेत: ५२, ३८, एनए (म्हणजे माहीत नसलेली किंमत), ७१, ३५, ६४. पस्तीसच्या खालचे वगळायला असं लिहिलं:

गुण[-व्हिच(गुण < ३५)]

पस्तीसच्या खाली एकही नाही, म्हणजे सहाच्या सहा परत मिळायला हवेत. हातात येतो न्यूमेरिक(०), म्हणजे रिकामा व्हेक्टर. एरर नाही, वॉर्निंगही नाही. शिवाय गुण[गुण > ४०] मधून तीनऐवजी चार घटक येतात. कुठे चुकतंय?

चौकटी_कंस:
घोळ वजा चिन्हाचा आहे. अट जिथे जुळते त्या जागांचे क्रमांक व्हिच देतं. कुठेच जुळली नाही तर शून्य लांबीचा व्हेक्टर मिळतो. त्याला वजा लावा, तो शून्य लांबीचाच राहतो. कंसात रिकामा व्हेक्टर गेला की आर त्याचा अर्थ ‘काहीच निवडू नका’ असा घेतं. तुम्हाला हवं होतं ‘काहीच वगळू नका’. एखादा घटक अटीत बसत असेल तोवर हीच ओळ बिनबोभाट चालते, म्हणून चूक उशिरा सापडते. वजा-व्हिच ही जोडी वापरूच नका. अट उलटी करा:

गुण[!(गुण < ३५)]

चौथा घटक एनएचा. एनए > ४० याचं उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, एनएच. आणि कंसात एनए गेला की बाहेरही एनएच येतो. इथे मात्र व्हिच कामाचं, कारण ते फक्त खरे ठरलेले क्रमांक घेतं. गुण[व्हिच(गुण > ४०)] लिहा, ५२, ७१, ६४ मिळतील.

नवशिका_०७:
जमलं. पण पहिले तीन वगळायला गुण[-१:३] दिलं तर एरर येते.

चौकटी_कंस:
वजा आधी १ ला चिकटतो, मग क्रम तयार होतो: -१, ०, १, २, ३. एकाच कंसात ऋण आणि धन क्रमांक चालत नाहीत. गुण[-(१:३)] लिहा.

शून्यापासून_नाही:
थोडी भर. मोजणी १ पासून असते. गुण[०] ला एरर येत नाही, रिकामा व्हेक्टर येतो. गुण[९] मागितलं तर गुपचूप एनए मिळतो, पण गुण[[९]] लगेच एरर देतं. एकच घटक हवा असेल तर दुहेरी कंसच बरा. गुण[९] <- ६० केलंत, म्हणजे नवव्या जागी ६० ठेवलंत, तर व्हेक्टर नऊ लांबीचा होतो, सातवी-आठवी जागा एनएने भरते.

क्रमांक हिशेबातून येत असेल तर आधी राउंड करा. आर अपूर्णांक कापून टाकतं, जवळच्या पूर्णांकाकडे नेत नाही. ०.२९ * १०० छापलं तर २९ दिसतं, आत असतं २८.९९९९…, आणि कंसात ते २८ वा घटक उचलतं.