लिफ्ट बिघडली नाही, पेव्हर उतरते आहेत

(बीड बायपास, छत्रपती संभाजीनगर. सोसायटीचा ग्रुप, शनिवार)

सेक्रेटरी, बी-१०२: नमस्कार मंडळी. गणपतीच्या आधी गेटजवळच्या खांबांवरचे दिवे आणि हॉलचे पंखे उरकायचे म्हणून वाळूजहून सिझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडत माणसांना वर नेणारं मशीन) भाड्यानं आणली आहे. मशीन थोडं वर जातं, टूँ टूँ वाजतं आणि थांबतं. ऑपरेटर पोरगं म्हणायलंय सेन्सर गेला. भाड्याचं मीटर चालू आहे. कोणाला यातलं कळतं का?

बी-४०३: परत पाठवा. भंगार गळ्यात मारलंय. शिडी लावली असती तर एव्हाना चहा पिऊन झाला असता.

ए-१०३ काकू: शिडीवरून मागच्या साली कोणाचा पाय मोडला ते विसरलात वाटतं.

ए-३०१ काका: मी पुण्याला लेकीकडं आहे. खालच्या कंट्रोल बॉक्सवर लहानसा डिस्प्ले असतो, त्याचा फोटो टाका. आणि मशीन बंद करू नका आधी. बंद-चालू केलं की बऱ्याचदा कोड पुसला जातो, मग आपण नुसते अंदाज बांधत बसतो.

सेक्रेटरी, बी-१०२: फोटो टाकला. दोन अक्षरं दिसतात, एलएल.

ए-३०१ काका: मग सेन्सर गेलेला नाही. सेन्सर चांगला काम करायलाय म्हणूनच मशीन वाजायलंय. एलएल म्हणजे मशीन तिरपं उभं आहे. अशा १९ फुटी मशीनला आडव्या बाजूला साधारण दीड अंश आणि पुढं-मागं तीन अंश एवढीच सूट असते. दीड अंश म्हणजे मीटरमागं २६ मिलिमीटर. डोळ्याला दिसतसुद्धा नाही. मशीन गेटच्या उताराशी आडवं लावलंय का?

सेक्रेटरी, बी-१०२: हो. खांबाच्या अगदी बुडाशी.

ए-३०१ काका: तिथले पेव्हर पाणी वाहून जावं म्हणून ढाळ देऊनच बसवलेत, आपणच मीटिंगमध्ये भांडून तो ढाळ वाढवून घेतला. गवंड्याची लेव्हल पट्टी ठेवून बघा.

डी-१०५: काका, मी खालीच आहे. पट्टी लावली. मीटरला तीन सेंटिमीटरच्या वर फरक आहे.

बी-४०३: ऑपरेटर म्हणतोय सेन्सरचा प्लग काढून जंपर मारतो, म्हणजे सेन्सर टाळून थेट तार जोडतो, दोन मिनिटांत वर जाईल. चार तर दिवे आहेत. मारू द्या की.

ए-३०१ काका: अजिबात नाही. खाली तीन सेंटिमीटरचा फरक १९ फुटांवर किती होतो याचा हिशोब करा, वर त्यात माणसाचं आणि अवजारांचं वजन, आणि मशीनची रुंदी जेमतेम अडीच फूट. कलंडायला वेळ लागत नाही. मी वाळूजला कारखान्यात मेंटेनन्सला होतो तेव्हा जंपर मारलेलं मशीन दिसलं की चावी काढून खिशात घालायचो, मग सुपरवायझर असो की कोणी. त्या पोराला सांगा, प्लगला हात लावायचा नाही.

ए-१०३ काकू: चावी काढून घ्या सेक्रेटरीसाहेब. खरंच काढून घ्या.

सेक्रेटरी, बी-१०२: घेतली.

ए-३०१ काका: खांबाचं राहू द्या आज. शिवाय त्या मशीनच्या पाटीवर वाचा, उघड्यावर चालवायची परवानगी आहे का. काही मॉडेल फक्त आत वापरायची असतात, काहींना बाहेर एकच माणूस चालतो, वाऱ्यामुळं. आधी हॉलचे पंखे घ्या. नेताना प्लॅटफॉर्म पूर्ण खाली. आणि ड्रेनेजच्या चेंबरवरून नेऊ नका, मशीन सव्वा-दीड टनाचं असतं, झाकण फुटेल. हॉलमधली सतरंजी गुंडाळा. प्लॅटफॉर्म वर गेला की दोन्ही बाजूंनी खाली पट्ट्या उतरतात, त्या कशात अडकल्या की वेगळाच कोड येतो आणि मशीन हलत नाही.

सी-२०४: काका, मी नेटवरून कोडची यादी काढली, पाठवू का? ४० कोड आहेत.

ए-३०१ काका: कोणत्या मॉडेलची? मशीनच्या अंगावरच्या पाटीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर जुळतो का बघ. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मशीनलासुद्धा तोच आकडा वेगळा अर्थ सांगतो. मॅन्युअलची प्रत मशीनवरच्या डब्यात असायला पाहिजे.

सी-२०४: डब्यात मॅन्युअल नाही. गुटख्याच्या पुड्या आहेत.

डी-१०५: 😄 मॉडेल नंबर टिपलाय, त्याचं मॅन्युअल शोध.

(दुपारी)

सेक्रेटरी, बी-१०२: काका, अर्जंट. हॉलमध्ये तीन पंखे झाले, चौथ्याला इलेक्ट्रिशियन आणि पोरगं दोघं वर असताना मशीन मधेच थांबलं. १२-१३ फुटांवर अडकलेत. डिस्प्लेवर ०२. वरून कुठलंच बटण घेत नाही.

बी-४०३: सांगितलं होतं मी.

ए-३०१ काका: भाऊ, नंतर. कोड बाजूला ठेवा, आधी माणसं खाली. डी-१०५ वाले कुठं आहेत?

डी-१०५: मशीनपाशीच.

ए-३०१ काका: खालची चावी ग्राउंडकडं फिरवा. खालचं लाल बटण बाहेर ओढलेलं आहे ना? आता खालचं डाउनचं बटण दाबा. त्याआधी कात्रीच्या आसपास कोणी नाही बघा, पोरांना हॉलबाहेर काढा. वरच्या दोघांना सांगा, रेलिंगला धरून उभे राहा, बाहेर वाकू नका, चढून उतरायचा तर विचारसुद्धा नको.

डी-१०५: चावी फिरवली. उतरायला लागलं.

ए-३०१ काका: नसतं उतरलं तर चासीवर आपत्कालीन उतरवण्याची मूठ असते, लाल रंगाची, ती हळू ओढायची. ही मशीनं उतरताना मोटर वापरत नाहीत, वजनानंच तेल परत टाकीत जातं, नुसता व्हॉल्व्ह उघडावा लागतो. म्हणून बॅटरी मेली तरी माणूस वर राहत नाही. ती मूठ कुठं आहे हे मशीन आल्या आल्या बघून ठेवायची गोष्ट आहे.

डी-१०५: दोघं खाली. पोराला घाम फुटलाय.

ए-१०३ काकू: त्याला पाणी द्या आधी. आमच्याकडं या, चहा टाकते.

सी-२०४: मॅन्युअल सापडलं, मॉडेल जुळलं. ०२ म्हणजे कम्युनिकेशन फॉल्ट. वरचा बॉक्स आणि खालचा कंट्रोलर यांच्यात बोलणं बंद.

ए-३०१ काका: बरोबर. आता लगेच कंट्रोलर मागवायला धावू नका. कोड फक्त एवढंच सांगतो की निरोप पोचत नाही. वाटेत कुठं तुटलाय ते आपण शोधायचं. खालून चालतं आणि वरून चालत नाही, म्हणजे बॅटरी, पंप, व्हॉल्व्ह हे सगळं शाबूत आहे. उरलं काय? वरचा बॉक्स, त्याची केबल, दोन टोकांचे प्लग. माझा अनुभव आहे की दहापैकी बहुतेक वेळा केबल किंवा प्लग निघतो. मेन डिस्कनेक्ट करून वरच्या बॉक्सचा प्लग उघडा.

डी-१०५: उघडला. आत ओल आहे, दोन पिना हिरव्या पडल्यात. परवाच्या पावसात मशीन ट्रकवर उघडंच आलं होतं.

ए-३०१ काका: कॉन्टॅक्ट क्लीनर असेल तर तो, नसेल तर आणा. सँडपेपर नको, मुलामा जातो. कोरडं करून घट्ट बसवा. आणि स्प्रिंगसारखी गुंडाळलेली केबल प्लगपाशी हलवत मल्टिमीटरवर कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग आहे का ते बघा, तार आतून तुटलेली असली तर तिथंच तुटते. एवढं करून नाही झालं तर कॅन बसच्या, म्हणजे दोन बॉक्समधले निरोप नेणाऱ्या दोन तारांमधला रेझिस्टन्स घ्या, वीज बंद ठेवून. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, मिळून ६० यायला पाहिजे. १२० आला तर एक बाजू सुटलेली. पण त्या मॉडेलला कॅन आहे का ते मॅन्युअलमध्ये बघूनच.

डी-१०५: तिथपर्यंत जावं लागलं नाही. पिना साफ केल्या, चालू झालं. फक्त पहिल्यांदा लावलं तर ४७ आला.

सी-२०४: ४७ म्हणजे जॉयस्टिक न्यूट्रलला नव्हती, सुरू करताना.

डी-१०५: पोरगं घाबरून जॉयस्टिक धरूनच उभं होतं 😄 सोडली, परत चालू केलं, गेलं.

(संध्याकाळी)

सेक्रेटरी, बी-१०२: पाच पंखे झाले. सहाव्याला वर जाईना. आता ६८.

सी-२०४: लो व्होल्टेज.

बी-४०३: रात्रभर चार्जिंगला होतं ना पण? वॉचमन मामाच्या खोलीतून वायर काढून दिली होती.

ए-३०१ काका: कोणती वायर?

सेक्रेटरी, बी-१०२: मांडवाला वापरतो ती. लांब, पातळ.

ए-३०१ काका: त्या वायरीवर चार्जरचा जीव जातो. लोड घेतला की टोकाला व्होल्टेज पडतं आणि चार्जर पूर्ण ताकदीनं चालत नाही. जाड, आखूड वायर पाहिजे, १५ अँपियरच्या सॉकेटला. पण सगळा दोष वायरीवर टाकायच्या आधी बॅटऱ्या मोजा. ६ व्होल्टच्या चार असतील, मिळून २४. प्रत्येकीचं वेगळं मोजायचं.

डी-१०५: ६.१, ६.१, ६.१, ६.०. बेरीज २४.३.

ए-३०१ काका: पूर्ण भरलेल्या चार, लोड नसताना, मिळून २५.४ च्या आसपास दाखवतात. म्हणजे निम्म्यावर आल्यात. आता मुद्द्याचं माप. मीटर बॅटरीवर ठेवा आणि दुसऱ्याला खालून अप दाबायला सांगा. उचलताना काय पडतं ते चारही बघा.

डी-१०५: तिघी ५.७ ला टिकतात. चौथी ४.१ वर बसते. अप सोडलं की परत ६ वर येते.

ए-३०१ काका: सापडली. ६ व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे तीन सेल असतात. तिचा एक सेल मेलाय. लोड नसताना सगळ्या सारख्याच दिसतात, ओझं पडलं की कळतं कोण सोंग करायलंय. कंट्रोलरनं खरंच सांगितलं, पण त्याला चौघींमधली कोणती ते माहीत नाही. झाकणं उघडून पाणी बघा. चष्मा घाला, ॲसिड आहे.

डी-१०५: चौथीच्या मधल्या खणात प्लेटा उघड्या पडल्यात. बाकीच्यांतही कमीच आहे.

ए-३०१ काका: आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी उडतं आणि भाड्याच्या मशीनला कोणी घालत नाही. फक्त प्लेटा बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं नाही. पूर्ण लेव्हल चार्जिंग झाल्यावर, नाहीतर उकळून बाहेर येतं. आणि मामांना सांगा, चार्जिंग चालू असताना जवळ बिडी नको, हायड्रोजन निघतो.

ए-१०३ काकू: मामा बिडी सोडणार नाहीत, मशीनच दूर लावा.

बी-४०३: मग भाडेवाल्याला पूर्ण पैसे कामून द्यायचे?

सेक्रेटरी, बी-१०२: फोन झाला. आधी म्हणाला तुमच्या लोकांनी वायरिंगला हात लावला. मग चारही बॅटऱ्यांचे मीटरचे फोटो आणि ६८ चा फोटो पाठवला. सकाळी दुसऱ्या बॅटऱ्या घेऊन माणूस येतो, उद्याचं भाडं घेणार नाही.

ए-३०१ काका: एकच बदलायला आला तर नको म्हणा. जुन्या तिघींत एक नवी घातली की नवीही लवकर बसते. चार सारख्या आणू दे.

बी-४०३: आणि खांबावरचे दिवे?

डी-१०५: मॅन्युअल बघितलं. हे मॉडेल फक्त आत चालवायचं आहे. उताराचं सोडाच.

बी-४०३: म्हणजे शेवटी शिडीच.

ए-१०३ काकू: शिडी नाही!

सेक्रेटरी, बी-१०२: खांबासाठी ट्रकवरची बूम लिफ्ट (लांब हाताच्या टोकाला पाळणा असलेली) विचारतो, कोटेशन रविवारच्या मीटिंगला ठेवतो. सहाव्या पंख्याचे नट-बोल्ट ए-१०३ काकूंकडं ठेवलेत. हॉलची चावी माझ्याकडं, मशीनची पण माझ्याकडं.