पेम्ब्रोकशायरची किनारवाट: ओहोटीची वेळ आधी बघा

वेल्समधल्या या पायवाटेवरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, की किनाऱ्याची वाट म्हणजे सपाट, दिवसाला २५ किमी सहज होतात. मला नाही पटत. सेंट डॉगमेल्स ते अ‍ॅमरॉथ या २९९ किमीत एकूण चढ दहा हजार मीटरच्या वर जातो. प्रत्येक खाडीशी खाली उतरायचं आणि लगेच पुन्हा कड्यावर चढायचं. आम्हा दोघांना १६-१७ किमी पुरे झाले.

पण इथे कुणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. डेल गावाजवळची गॅन आणि पुढची सँडी हेवन ही दोन्ही खाडीपात्रं फक्त ओहोटीतच पायी ओलांडता येतात, नाहीतर रस्त्याने लांबचा वळसा. आम्ही न्याहारीलाच वेळापत्रक उघडून बसलो होतो. गॅनला पाणी नुकतंच ओसरलेलं, ओलांडायच्या फळ्यांवर हिरवं शेवाळ. नवरा काठी टेकवत पुढे, मी त्याची पाठपिशवी धरून मागे. तिथून न रेंगाळता निघालो म्हणूनच सँडी हेवनही त्याच ओहोटीत मिळालं. त्यामुळे मुक्काम ठरवण्याआधी त्या तारखेची ओहोटी नक्की बघा, बुकिंग नंतर.