मराठी वर्णक्रम मुक्त डेटाबेसमध्येही नीट लागतो

'मुक्तस्रोत साधने फुकट मिळतात, पण मराठीसाठी शेवटी विकतचेच सॉफ्टवेअर घ्यावे लागते' हे मत अनेकदा ऐकू येते, पण मला ते पटत नाही. अडचण आली की हक्काने फोन करावा असे कोणी नसते, एवढे मात्र मान्य. नाशिकमधील एका कृषी सेवा केंद्राचे संकेतस्थळ पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस वापरून करताना गावांच्या यादीत पळसे आधी आणि पहिने नंतर येऊ लागले, कारण युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. शाळेत वर्णमाला घोकलेल्या शेतकऱ्याला अशा यादीत आपले गाव चटकन सापडत नाही, आणि ही बाब मला क्षुल्लक वाटत नाही.

२०१७ मध्ये आलेल्या आवृत्ती १० पासून पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या मुक्त लायब्ररीचे (तयार कोडच्या संग्रहाचे) वर्णक्रम वापरता येतात व त्यांत मराठीचा स्वतंत्र क्रम आहे. गावाच्या रकान्याला तो लावताच पहिने वर गेले, पळसे खाली आले. शिवाय हे नियम उघडे असल्यामुळे एखादे अक्षर चुकीच्या जागी दिसले, तर त्यामागचा नेमका नियम आपल्याला स्वतः वाचून पाहता येतो.